साठ वॅटचा होल्डर

मित्रांनो, मी एक जुना होल्डर आहे; बल्ब ज्यात अडकवतात ती काळी वाटी. 'साठ वॅटपर्यंत' असे माझ्या अंगावर बारीक अक्षरांत कोरलेले आहे. कारखान्यातून निघालो तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी, मशीनच्या बरोबर वर, काचेच्या बंद झाकणात जाऊन बसलो. "याच्या उजेडात दोरा पहिल्याच फटक्यात सुईत जातो," असे बाई म्हणाल्या की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

वर्षे गेली. बाईंची नजर अधू झाली. त्यांच्या यजमानांनी मायेपोटी दोनशे वॅटचा बल्ब आणला.

"अहो, चालेल ना हा?"

"न चालायला काय झालं? बसला की नाही बरोबर?"

बसला खरा, पण माझ्या अंगाची लाही लाही होऊ लागली. काचेत उष्णता कोंडायची. वायरीचे आवरण कडक होऊन तडकले. छतावर तपकिरी डाग पडला, तर त्यावर रंग फासला गेला. मला ओरडता येत नव्हते. फक्त वास सोडता येत होता.

एका ढगाळ दुपारी बाई नवरीचे कपडे शिवत होत्या. पायाशी चिंध्यांचा ढीग होता. त्यांची लेक दारातच थबकली.

"आई, काहीतरी जळतंय."

"मशीनचं तेल असेल गं."

"नाही, वास वरून येतोय!"

तेवढ्यात माझ्यातून चर्रकन ठिणगी उडाली, धूर निघाला. तिचे बाबा पाण्याची बादली घेऊन धावले.

"बाबा, पाणी नको! आधी मेन स्विच!" लेकीनेच धावत जाऊन तो बंद केला. खोली अंधारली. धूर विरला, मी हळूहळू निवत गेलो. इतके हायसे मला जन्मात वाटले नव्हते.

वायरमनने मला उतरवले तेव्हा वायरीचे आवरण भुग्यासारखे गळून पडले. "काका, थोडक्यात निभावलं. पोरीच्या नाकानं घर वाचवलं."

बाबा मटकन स्टुलावर बसले. "तो बल्ब मीच आणला होता."

"माझ्यासाठीच ना?" बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिघेही सुटल्यासारखे हसले.

आता तिथे नवा, गार राहणारा दिवा आहे. मी वायरमनच्या पिशवीत असतो; तो मला घरोघरी दाखवतो. मित्रांनो, बल्ब लावण्याआधी होल्डरवरचा आकडा वाचा. जळका वास, काळपट डाग, चरचर ही आमची हाक असते. ती ऐकू आली की बटण बंद करा आणि जाणत्याला बोलवा. आम्ही मुके आहोत. दुसऱ्यांदा हाक मारायला उरूच असे नाही.