हळदीच्या धवल्यातलं भोक

"चालू हार्ड डिस्कशेजारी नारळ फोडलात?" अवधूतने तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर दोनदा मिळालं होतं, पण ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"दसरा होता ना शेठ," निकेश म्हणाला. उलव्याचा हा पोरगा लग्नाकार्यात साउंड सिस्टम लावायचा. "सगळ्या सामानाची पूजा. स्पीकर, मिक्सर, लॅपटॉप, ही डिस्क. पूजेला यंत्र बंद कसं ठेवणार? बत्ती लुकलुकत होती, बरं दिसत होतं."

"अहो, आत चकती गरगरत असते! तिच्यावर केसाहून कमी अंतरावर सुई तरंगते. आणि त्याच पाटावर तुम्ही धाडकन नारळ आपटलात. धन्य आहे तुमची! मग?"

"मग टक् टक् करायला लागली. चार जणांच्या लॅपटॉपला लावून बघितली. एका ठिकाणी 'दुरुस्त करू का' असं विचारत होतं, तर हो म्हटलं."

अवधूतने कपाळाला हात लावला. पनवेलात टपाल नाक्याजवळ बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देण्याच्या दुकानात वीस वर्षं काढलेला माणूस. आजारी डिस्क त्याच्याकडे सरळ कधी आलीच नाही. आधी गावभर फिरणार, मग मरायला इथे येणार. आपण डॉक्टर आहोत की स्मशानातले, असा प्रश्न त्याला पडायचा.

निकेशबरोबर त्याची आत्या हौसा होती आणि आत्याची मुलगी प्राची. हौसा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेक विधी धवला, म्हणजे त्या त्या विधीचं गाणं, गाऊन लावते ती बाई. चाळीस वर्षं तिच्या आवाजाशिवाय आसपासच्या गावांत कुणाला हळद लागली नव्हती. श्रावणात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज.

"शनिवारी निकेशची हळद," प्राची म्हणाली. "धवला मलाच लावायचाय आणि मला निम्मासुद्धा येत नाय. आईच्या मागं मांडवात बसून शिकायचं असतं. मी जासईला कंटेनर यार्डात नोकरी धरली, दर वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी बसेन." तिचे डोळे भरून आले. "दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाचं सगळं रेकॉर्डिंग या डिस्कवर हाय. दुसरीकडं कुठंच नाय."

"मग आईंनी हळू आवाजात सांगावं की!"

"सांगत नाय! मांडव नाय, तर धवला नाय. पाया पडले, रडले, दोन दिवस जेवले नाय. गळा गेला, हट्ट नाय गेला. एकदा मांडवात साप निघाला, नवऱ्यासकट सगळे पळाले. ही बसून राहिली, धवला पुरा केला आणि मगच उठली. लावलेला धवला अर्धा सोडला तर नवरा-नवरीला बाधतो म्हणे."

"पण रेकॉर्डिंग चालतं?"

"यंतर गातंय," हौसा कुजबुजली. "मी नाय." आणि पदर सारखा करून ती समोर बघत बसली.

अवधूतला मनातून राग आला. चाळीस वर्षांची गाणी डोक्यात शाबूत ठेवून ही बाई गप्प बसणार आणि आपण मोडक्या लोखंडाशी झुंजायचं. पण प्राचीचा चेहरा बघून त्याने डिस्क ठेवून घेतली.

हौसाने काम काय करणार ते विचारलं, तेव्हा त्याने तिला समजेल असं सांगितलं. या डिस्कमधून फाइली उचलायच्या नाहीत, तेवढा दम तिच्यात नाही. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, चांगल्या डिस्कवर उतरवायची. मग जे शोधायचं ते नकलेत. "शेतात उभं भात आधी कापून घेतो ना, मावशी? आडवं पडलेलं मागून. तसंच. जिथे अडेल ती जागा लिहून ठेवायची आणि पुढे जायचं."

हौसाने मान डोलावली. हे तिला पटलं.

बुधवारी सकाळी त्याने काम लावलं आणि चहाला गेला. परत येऊन बघतो तर काम चार जीबीवर थांबलेलं. नक्कल ज्या डिस्कवर उतरवत होता तिची मांडणी जुन्या पद्धतीची, तिला त्याहून मोठी फाइल झेपतच नव्हती. कॉम्प्युटरच्या क्लासला पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट! आणि तेवढा वेळ आजारी डिस्क उगाच फिरत राहिली होती. दुसऱ्याच्या नारळावर एवढा आरडाओरडा करणाऱ्या अवधूतने स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

नवी मांडणी करून पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत चाळीस टक्के, संध्याकाळी साठ. डिस्क तापली की बंद करायची, गार होऊ द्यायची, पुन्हा लावायची. दर वेळी ती सुरू होईपर्यंत तो तिच्या बत्तीवरून नजर हलवायचा नाही. गुरुवारी देखभालीच्या नावाखाली वीज गेली. इन्व्हर्टरने दोनदा पीं पीं केलं आणि मान टाकली.

"अरे, आजच मुहूर्त सापडला का तुम्हाला?" तो बंद पंख्याकडे बघून ओरडला.

अडलेल्या जागांची नोंद फाइलमध्ये शिल्लक होती, म्हणून तिथूनच पुढे जाता आलं. प्राची दर तासाला फोन करायची. शेवटी तो खेकसला, "बाई, मी काय तिला मारून मुटकून पळवू?" मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी इमेज पूर्ण झाली. जवळजवळ सगळी. अकरा जागा काही केल्या वाचता आल्या नाहीत, तिथे शून्यं भरली गेली. ती 'दुरुस्ती' झाली होती ना, तिने फोल्डरांचा पार विचका केला होता. तो निस्तरायला आणखी दोन तास गेले. पण नक्कल उघडली आणि रेकॉर्डिंगची फाइल दिसली. तिघांना बोलावून घेतलं आणि हळदीचा धवला लावला.

दुकानात हौसाचा जुना आवाज घुमला. खणखणीत, जरा किनरा, घाई नसलेला. प्राचीने तोंडावर हात ठेवला. हौसा जमिनीकडे बघत होती.

*हळद निंगाली गो खाडीच्या वाटं, हळद कुणी गो...*

खर्रर्र. मग काहीच नाही. पडद्यावर वेळ सरकत होती आणि आवाज नव्हता.

"झालं!" अवधूतने टेबलावर मूठ आपटली. "एवढी मोठी डिस्क, आणि भोक पडायचं ते नेमकं हळदीवर!" त्याने आवाज थांबवला आणि जुनी डिस्क पुन्हा जोडली, आणखी एकदा त्या जागेवरून फिरवायला. डिस्कने एकदा टक् केलं. दुसऱ्यांदा तेही केलं नाही. चकती फिरलीच नाही. तीन दिवस तो जिच्याशी भांडत होता ती गेली, आणि आता भांडायलाही कुणी उरलं नाही.

"संपलं," तो म्हणाला. "माफ करा. याच्या पुढे माझ्या हातात काही नाही."

प्राची रडायला लागली. निकेश उगाचच स्पीकरची वायर गुंडाळत बसला.

हौसा मात्र अस्वस्थ झाली होती. स्टुलावर पुढे सरकली, मागे सरकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तिने स्पीकरकडे बघितलं, मग निकेशकडे, उद्या हळद लागायची त्या पोराकडे. धवला लागला होता आणि मध्येच लोंबकळत होता. तिचे ओठ दोनदा हलले.

"हळद कुणी गो वाटली," ती कुजबुजली, "नवऱ्याच्या आयेन वाटली. नवऱ्याच्या आयेन वाटली, मावलीच्या हातान लावली."

आवाज कसला, नुसती हवा. पण चाल पक्की होती, एकही शब्द अडखळला नाही. प्राचीचं रडणं जागच्या जागी थांबलं. ती आईच्या पायाशी, लादीवर बसली आणि मागोमाग म्हणू लागली, हळू, चाचपडत. हौसाने तिच्या मांडीवर एक चापट मारली, जिथे चुकलं तिथे. पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटच्या कडव्यापर्यंत.

धवला पुरा झाला तेव्हा हौसाला दम लागला होता. निकेशने पाणी दिलं, तिने दोन घोट घेतले.

"आजून किती भोका हायत?" तिने अवधूतला विचारलं.

"दहा," नोंद बघून तो म्हणाला. "सगळी याच रेकॉर्डिंगात."

तिने पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

"लाव," ती म्हणाली.