काकांच्या मापाची गाडी

"सत्तावीस सेकंद झाले, तू अजून आतच," स्टॉपवॉचकडे बघत बाई म्हणाल्या. "पाच पाहिजेत."

शर्यतीच्या गाडीतून ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे, असा नियम होता. ते जमलं नाही तर उद्याच्या तपासणीत गाडी बाद, आणि परवाच्या शर्यतीत या नव्या टीमला नुसती प्रेक्षकांतली जागा. टीम तरी केवढी? गाडी कागदावर काढणाऱ्या इंजिनीअरबाई, ती चालवणारी त्यांची भाची आणि ती लोखंडात उभी करणारे फिटरकाका. एका माणसापुरती, उघड्या चाकांची ही त्यांची पहिलीच गाडी. आज भाची तिच्यात पहिल्यांदा बसली आणि बसली ती अडकलीच. तिचे लांबलचक पाय पुढे मावेनात, गुडघे स्टिअरिंगखालच्या पट्टीत रुतलेले.

"मावशी, माझं माप काय मी शाळेत असताना घेतलं होतंस?" तिने विचारलं.

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी नकाशा पसरला, टेप लावला. पेडल नकाशापेक्षा चांगली चार बोटं अलीकडे होती. कुणावर खापर फोडायचं सोडून बाई आपलेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसल्या, आणि ते काकांना बघवेना. कारण चूक कुठे झाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौतीस वर्षं काकांनी बसडेपोत काढली होती. हजारो बस त्यांनी धडधाकट करून दिल्या, पण फिटरने बस फाटकाबाहेर न्यायची नाही, असा तिथला शिरस्ता. गाडी नीट करायची, किल्ली ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि फडक्याला हात पुसत ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचं. निवृत्तीनंतर बाईंच्या शेडमध्ये आले, तेव्हा या गाडीचा सांगाडा नुकताच उभा राहत होता. भाची परगावी नोकरीला, त्यामुळे सीट रिकामीच असायची. एकदा चहाच्या वेळी काका कप घेऊन सहज आत बसले. मग रोजच बसू लागले. चहा सांडू नका, एवढंच बाई म्हणायच्या.

काका उंचीने बेताचे. एक दिवस त्यांना पेडल जरा लांब वाटलं, म्हणून ते ज्या भोकांच्या पट्टीवर बसवलं होतं, तिच्यावर एक भोक अलीकडे घेतलं. आठ दिवसांनी आणखी एक. आपल्या खुर्चीतली उशी आपण सरकवतो ना, तितक्याच सहजपणे. शेवटी पाय झकास टेकले, तेव्हा त्यांनी पेडलची पट्टी वेल्ड करून टाकली. मनात काही खोट नव्हती, पण घोळ व्हायचा तो झालाच.

"बाई, नकाशा बरोबर आहे," काका म्हणाले. "मीच बसत होतो रोज. बसता बसता गाडी माझ्या मापाची झाली."

आधी गाडीत अडकलेली भाचीच हसायला लागली. हसता हसता तिला अजूनच बाहेर पडता येईना, तेव्हा दोघांनी काखेत हात घालून तिला ओढून काढलं. बाई मात्र चिडल्या होत्या. दिवसभराचं काम वाढवून ठेवलंत, असं त्यांनी स्पष्ट ऐकवलं. काकांनी खाली मान घालून कटर उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कापायच्या आधी एक फेरी मारून या."

"मी?"

"इंजिन तर तपासायचंच आहे. आणि सध्या या गाडीत बसू शकणारे तुम्ही एकटेच आहात."

शेडमागे काँक्रीटचं लांबरुंद आवार होतं. भाचीने स्वतःचं हेल्मेट काकांच्या डोक्यावर चढवून पट्टा आवळून दिला. काकांनी क्लच सोडला आणि गाडी निघाली. बसच्या सीटवरून जग खाली दिसायचं. इथे जमीन कोपराशी धावत होती, पुढची चाकं डोळ्यांदेखत वळत होती आणि स्वतःच्या हातांनी जोडलेला एकेक सांधा पाठीला कळत होता. एका फेरीच्या तीन झाल्या. हेल्मेटमध्ये कुणीतरी मोठमोठ्याने हसतंय, आणि ते आपणच आहोत, हे काकांच्या जरा उशिराच लक्षात आलं. इतका आनंद त्यांना आजवर कुठल्या गाडीने दिला नव्हता.

गाडी थांबवून त्यांनी हेल्मेट काढलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "उजवं मागचं चाक किंचित आवाज करतंय."

मग त्यांनी पेडलची पट्टी कापली. दुपारी चारला पेडल नकाशाप्रमाणे चार बोटं पुढे गेलं. भाची आत बसली, बाईंनी बटण दाबलं आणि ती टुणकन बाहेर आली. चार सेकंद. खात्रीसाठी आणखी दोनदा केलं, तरी चारच. काकांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासणीत पास झाली. शर्यतीत सोळा गाड्यांत तिचा नंबर अकरावा आला, आणि बाईंनी पहिला आल्यासारखी शेड डोक्यावर घेतली. काकूही मुद्दाम आल्या होत्या. गेले सहा महिने घरी जिचंच कौतुक चाललंय, तिच्यात बसून तरी दाखवा, असं त्या म्हणाल्या.

काका चहाचा कप घेऊन आत बसले. पाय लांब केले. अजून थोडे ताणले.

काकूंनी वाकून पाहिलं. "अहो, पाय पोचत नाहीत की तुमचे."

"नाहीच पोचायचे," काका म्हणाले. "बरोबर मापाची केलीय."

आणि पाय तसेच अधांतरी ठेवून त्यांनी सावकाश चहा संपवला.