भोंगा वाजेपर्यंत

"परत गाजर? माका घोडो समाजलंस काय?"

"घोड्याक रात्रीचा दिसता तरी!"

आमच्या आणि दत्तारामभावजींच्या खोल्यांच्या मध्ये एक लाकडी फळी, त्यामुळे कांदिवलीच्या त्या चाळीत त्यांचं नि त्यांच्या बायकोचं, मालनचं, भांडण मला ताटात वाढल्यासारखं मिळायचं. भावजी म्हणजे संपात घरी बसलेले गिरणीकामगार. आता नव्या बिल्डिंगीचे वॉचमन. पण दिवे लागले की त्यांना दिसेनासं व्हायचं. परवा चक्क खांबाला विचारलं, "कोणाकडे जायचंय?" सेक्रेटरी म्हणाले, सुधारलं नाही तर दुसरा माणूस बघतो.

नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, 'अ' जीवनसत्त्व कमी पडलंय, अंधारात बघायला डोळ्यांना तेच लागतं. गाजरातून, पालेभाजीतून शरीर ते सावकाश बनवतं. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाच्या तेलात आयतं मिळतं. त्याच तेलाच्या गोळ्यांची बाटली दिली. ती फडताळात तशीच.

कारण संप सुरू झाला तेव्हा भावजींनी गावच्या रवळनाथाला शब्द दिला होता: गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. आता मालवणी माणसाने मासे सोडले की उरतं काय? भात आणि वरणाचं पाणी. पालेभाजी म्हणजे त्यांच्या लेखी ढोरांचा चारा. आणि गोळी? "तेल मुशीचा, म्हणजे मासोच तो!"

"गणपतीनंतर उघडेल हो गिरणी," असं चाळीतले सगळे म्हणायचे. मीही. दोन गणपती येऊन गेले.

शनिवारी दिवेलागणीला मालन त्यांना हाताला धरून ड्युटीवर सोडायला निघाली. गटाराच्या कडेला भावजींचा पाय चुकला. तिने त्यांना सावरलं आणि स्वतःच आपटली. गुडघा हा एवढा सुजला.

रविवारी सकाळी खारदांड्याची चंपा टोपली घेऊन आली. "बांगडे ताजे हायत गं, मालन," सवयीने म्हणाली.

"नको गं बाय," गुडघ्याला हळद लावत मालनही सवयीनेच म्हणाली.

"दोन ठेव," आतून आवाज आला. "मोठे बघून."

गॅलरीत मी तांदूळ निवडत होते, हात थांबला. भावजी बाटली घेऊन बाहेर आले.

"अहो, नवस?" मालन घाबरली.

"रवळनाथाक मी सांगतंय काय ता."

ते तिच्या गुडघ्याशी बसले, गोळी गिळली, लहान पोरासारखं तोंड वाकडं केलं. चंपाने टोपलीतले दोन मोठे बांगडे काढून ठेवले.

"मालन," ते म्हणाले, "गिरण आता उघडत नाय गे."