उसनं विरजण

हर्षालीने दह्याचं पातेलं कुकरमध्ये ठेवलं आणि झाकण लावलं.

"दही कुणी कुकरला लावतं का?" सुमनबाईंनी विचारलं.

"लावावं लागतंय, आई. टाकायच्या आधी यातला जिवाणू मारायला हवा. त्याचा रिपोर्ट आला."

सायखेड्याला नदीकाठच्या जांभळांवरून तिने हा जिवाणू वेगळा काढला, त्याला पाच वर्षं झाली. पोटाला गुणकारी ठरेल अशी सगळी लक्षणं होती. पीएचडीचा प्रबंध त्याच्याच भरवशावर उभा होता. त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा आराखडा, वाचून रिपोर्ट यायचा बाकी होता, पण हौसेला मोल नसतं. मागच्या उन्हाळ्यात तिने त्याचं दही लावून घरी आणलं. जन्मभर ज्यांचं दही कधी धड लागलं नाही, त्या सुमनबाईंचं दही सुरीने कापावं इतकं घट्ट लागू लागलं. वाटी घेऊन दुसऱ्यांच्या दारी जाणारी बाई गल्लीला विरजण देऊ लागली. तो मानच वेगळा.

"खाऊन कुणी लगेच आजारी पडणार नाही," हर्षाली म्हणाली. "पण त्याच्यावर औषधं चालत नाहीत, आणि हा गुण तो पोटातल्या वाईट जंतूंना देऊ शकतो. परत आणायला हवं. किती घरांत दिलंस?"

"तीन." शिट्टी झाली. "सात."

थोड्या वेळाने सुमनबाईंनी विचारलं, "आणि तुझी पाच वर्षं?"

हर्षालीने गॅस बारीक केला.

दोघी मोठा डबा घेऊन निघाल्या. प्रत्येक दारात सुमनबाईच आधी बोलत, "माझं विरजण बिघडलंय, टाकायचंय." खरं सांगायचं त्राण हर्षालीत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. शेवटच्या, नवसाबाईंच्या दारात मात्र ती म्हणाली, "काकू, चूक आईची नाही. माझी आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

नवसाबाईंनी पातेलं डब्यात उपडं केलं. सुमनबाईंनी पिशवीतून वाटी काढली.

"तुमचं जुनं असेल तर चमचाभर द्या."

"जुनं कुठलं आता? सगळ्या गल्लीत तुमचंच हाय. माझं सासूपासूनचं होतं, तेबी सोडलं मी. तुमचं लय घट्ट लागायचं."

हर्षाली पायरीवर बसली. पहिल्या वर्षी तुलनेसाठी तिने गल्लीतल्या घरांतलं साधं दही प्रयोगशाळेत नेलं होतं. नवसाबाईंच्या दह्यातले जिवाणू फ्रीजरच्या मागच्या कप्प्यात अजून होते. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"काकू, तुमचं जुनं आहे. माझ्याकडे."

नवसाबाई काही बोलायच्या आत सुमनबाईंनी वाटी परत पिशवीत टाकली.

"आधी त्याचा रिपोर्ट येऊ दे," त्या म्हणाल्या.