पाणी गेलं कुठे?

“थांबला! अहो, खरंच थांबला!”

साठ माणसं एका सुरात ओरडली आणि लगेच एकमेकांना दटावत गप्प झाली. समोरचा धबधबा दहा मजली इमारतीएवढा. पाच मिनिटांपूर्वी त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आता तो आधी बारीक झाला, मग दोऱ्यासारखा झाला, मग नुसते थेंब गळू लागले. मागचा काळा खडक उघडा पडला. त्या खडकाखाली एका सपाट दगडावर पांढरी कफनी घातलेले बाबा उजवा हात वर करून उभे होते. दाढी नीट विंचरलेली, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गळका नळ एकदाचा बंद केला.

“बघा मंडळी, बघा!” आमचा गाईड पिवळी छत्री उंचावून म्हणाला. “बाबा फक्त ‘थांब’ म्हणाले! विज्ञान सांगतं, पाण्याला आठवण असते. ज्याला आठवण असते त्याला कान असतात. कान असतात त्याला मन असतं. आणि तुमच्या शरीरात काय आहे? सत्तर टक्के पाणीच आहे! एवढा धबधबा ऐकतो, मग तुमच्या आतलं पाणी का नाही ऐकणार?”

मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होतो. पाण्याला कान असते, तर मी आयुष्यभर घातलेल्या शिव्या ऐकून ते कधीच गाव सोडून गेलं असतं.

पण माझं कोण ऐकतं? बायका डोळे पुसत होत्या. एक धिप्पाड गृहस्थ, जो बसमध्ये खिडकीच्या जागेसाठी हमरीतुमरीवर आला होता, तो आता लहान मुलासारखा हुंदके देत होता. बाबांनी डोळे उघडले.

“ज्याला बरं व्हायचंय,” बाबा म्हणाले, “त्याने आपल्या औषधावर पाणी सोडावं.”

आणि लोक पुढे सरसावले. कुणी गोळ्यांची पाकिटं फेकली, कुणी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. एका म्हाताऱ्याने कानातलं यंत्र काढून फेकलं. पाणी उतरल्यामुळे डोहाचा तळ दिसत होता, आणि तळाशी काय दिसावं? चंदेरी पाकिटांचा खच. चष्मे. दम्याचे निळे पंप. एका लहान मुलाचा, पायाला बांधायचा चामडी पट्टा. लोक मात्र त्या ढिगाकडे बघून म्हणत होते, “बापरे, एवढी माणसं बरी झाली!” एवढ्या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारायला एकाचीही जीभ वळत नव्हती.

आणि तेवढ्यात माझ्या ताईने, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, आपल्या पोरीच्या पर्समध्ये हात घालून तिच्या गोळ्या काढल्या आणि डोहात भिरकावल्या.

“ताई! अगं काय केलंस हे?”

“तू मध्ये पडू नकोस. पाणी सोडलं मी. संपला विषय.”

विषय संपला नव्हता. माझ्या भाचीला फिट येतात. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, न चुकवता, म्हणून गेले चौदा महिने एकही फिट आलेली नाही. त्याआधी तीनदा आली. तिसऱ्या वेळी जिन्यात कोसळली, तिचा पुढचा दात त्या दिवशी गेला. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या यंत्रावर बसते. फिरत्या चाकासमोर, दिवसभर. ही गोळी एकाएकी बंद केली तर काय होऊ शकतं, ते डॉक्टरांनी ताईला समोर बसवून सांगितलं होतं. फिट येईल, आणि पहिलीपेक्षा मोठी येईल.

“हा काय वेडेपणा आहे?” मी ओरडलो.

“मंडळी,” गाईड लाडिक आवाजात म्हणाला, “प्रत्येक बसमध्ये एक असे काका असतातच. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, नाहीतर पाणी परत यायला नकार देतं.”

साठ जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचं पाणी चोरलंय. पण घड्याळ मी आधीच पाहून ठेवलं होतं. पाणी थांबायला लागलं तेव्हा अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. त्याच्या जरा आधी गाईडने मनगटावर नजर टाकून छत्री उघडली होती. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री उघडली आणि बाबांचा हात वर गेला.

बसमध्ये भाची माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “मामा, संध्याकाळच्या गोळीचं काय? चिठ्ठीचा फोटो आहे माझ्याकडे. पण मी नवीन घेतल्या तर आई त्याही फेकेल.”

“फेकू दे. परत घेऊ.”

“किती वेळा? घरी तीच गोळ्या काढून देते मला. तिला पटलं नाही तर रोज भांडण.” मग म्हणाली, “तिच्यावर चिडू नकोस रे. रात्री चारदा उठून माझा श्वास बघते ती. थकलीय.”

ताई पुढच्या सीटवर ताठ बसली होती. मान वळवत नव्हती. मला तिचा राग आला होता, आणि तिची कीवही आली. त्या दाढीवाल्याची मात्र नुसती किळस आली. थकलेल्या माणसाला गाठून लुबाडणं याहून सोपं काम जगात नाही.

आमच्या पाणीखात्यात एक पद्धत होती. तक्रार यायची, “पाणी गेलं.” नवीन माणूस विचारायचा, “कधी गेलं?” जुना माणूस विचारायचा, “कुठे गेलं?” कारण पाणी थांबत नसतं. ते वळतं. या आळीचं पाणी गेलं, म्हणजे दुसऱ्या आळीत कुणाची तरी बादली भरतेय. एकतीस वर्षांत हा नियम एकदाही चुकला नाही. बस वळसा घालून जुन्या शहराकडे निघाली आणि मी खिडकीबाहेर बघत एकच गोष्ट शोधत होतो. अकरा एकोणीसला या डोंगरात बादली कुणाची भरली?

शहर सुंदर होतं. दगडी वेस, मधोमध घड्याळाचा मनोरा, गुळगुळीत झालेल्या फरशांच्या गल्ल्या. गाईड प्रत्येक दगडापाशी थांबून कुठला तरी राजा मारत होता. एका झरोक्यापाशी त्याने ज्या राणीला कैदेत घातलं, तिलाच पुढच्या चौकात गादीवर बसवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी आम्ही ओढ्याकाठच्या जुन्या पाणगिरणीपाशी आलो. कौलारू खोली, बाहेर दोन माणसं उंचीचं लाकडी चाक, आत दगडी जातं. दारावर पाटी होती: ‘ऐतिहासिक गिरणी. प्रात्यक्षिक रोज दोनदा, सव्वाअकरा आणि सव्वातीन.’

मी ती पाटी तीनदा वाचली.

“आता पंधरा मिनिटं मोकळा वेळ,” गाईड म्हणाला आणि घाईने मनोऱ्याकडे निघून गेला. बाकीची मंडळी त्याच्यामागे. मी ताईचा हात धरला. “तू थांब. माझ्यासाठी दहा मिनिटं थांब. मग तुला एक शब्द बोलणार नाही.” भाचीही आमच्याबरोबर थांबली.

गिरणी सांभाळणाऱ्या बाई पिठाने पांढऱ्या झालेल्या एप्रनमध्ये स्टुलावर बसून हिशोबी नजरेने आमच्याकडे बघत होत्या. पन्नाशीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. भिंतीवर दोन बटणं, एक हिरवं, एक लाल.

“बाई, चाकाला पाणी कुठून येतं?”

“वरून. धबधब्याच्या माथ्यावर फळी आहे, लोखंडी. पूर्वी माणूस वर जाऊन उचलायचा, आता मोटार बसवलीय. हिरवं दाबलं की फळी वर जाते आणि नदी पाटात शिरते. बसला वळसा पडतो, पाट सरळ येतो.”

“आणि धबधब्याचं पाणी?”

“जातं की! नदी एकच आहे. ती दोन्हीकडे कशी पुरेल?” बाईंना माझ्या अकलेची दया आली असावी. “पावसाळ्यात पुरते. तेव्हा फळी उचलली तरी धबधब्याला काही कळतसुद्धा नाही.”

“पावसाळ्यात बाबा काय करतात हो?”

“ते? पावसाळ्यात मौनात असतात म्हणे. चार महिने.”

मी ताईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या बटणांकडे बघत होती.

“बाई, तुम्ही धबधबा थांबताना कधी पाहिलाय?”

“मी कशी बघणार? त्या वेळेला माझी ड्युटी इथे. अकरा वर्षं झाली. लोक सांगतात, फार मोठा चमत्कार आहे. एकदा रजा काढून गेले होते, पण त्या दिवशी बाबांची तब्येत बरी नव्हती.”

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण मी हजारदा ऐकली होती. प्रत्यक्ष गिरणीत उभं राहून पहिल्यांदाच पाहिली. या बिचाऱ्या बाई इमानेइतबारे अकरा वर्षं चमत्कार करत होत्या आणि कफनी भलत्याच्याच अंगावर होती. टूरवाल्यांनी बस दोन ठेवल्या होत्या, पिवळ्या बिल्ल्याची आणि निळ्या बिल्ल्याची. एक धबधब्यावर असताना दुसरी शहरात. दोन्ही टोकं एकाच वेळी कुणालाच दिसत नव्हती.

ताई म्हणाली, “योगायोग असेल.”

पण तिचा आवाज सकाळचा नव्हता.

सव्वातीन झाले. बाईंनी हिरवं बटण दाबलं. भाचीने फोन काढला. सकाळी नाश्त्याच्या वेळी निळ्या बिल्ल्याच्या बसमधल्या एका मुलीच्या चष्म्याचा स्क्रू तिने बसवून दिला होता, तेवढ्यावर मैत्री झाली होती. तिला व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर साठ नवी माणसं, तीच दाढी, दुसरा गाईड आणि निळी छत्री. छत्री उघडली. हात वर गेला.

“थांब!” फोनमधून बाबांचा आवाज आला.

आम्ही घड्याळ बघत उभे. चार मिनिटांनी पडद्यावरचा धबधबा बारीक झाला, मग दोरा, मग थेंब. आणखी तीन मिनिटांनी आमच्या दाराबाहेर पाट खळाळला, लाकडी चाक कुरकुरलं आणि फिरू लागलं. आत जातं घरघरलं. फोनमध्ये लोक रडत होते आणि इथे पीठ पडत होतं.

“हे बघ,” मी ताईला म्हणालो. “तुझा चमत्कार. कणीदार आहे जरा.”

ताईने पुढे होऊन वाहत्या पाटात हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. फोनमध्ये बाबा म्हणत होते, “औषधावर पाणी सोडा!” आणि एक बाई कडेवरच्या बाळासकट पुढे येत होती. तिच्या हातात औषधाची बाटली होती.

“ती बाटली बाळाची आहे,” भाची म्हणाली. “आई, बाळाची आहे ती.”

ताई झटकन वळली. “बाई, ते लाल बटण कशाचं?”

“फळी खाली करायचं. पण अजून वीस मिनिटं...”

“मी दाबू?”

गिरणीवाल्या बाईंनी एकदा फोनच्या पडद्याकडे पाहिलं, मग बाहेर फिरणाऱ्या चाकाकडे, मग परत पडद्याकडे. अकरा वर्षांचं गणित त्यांच्या चेहऱ्यावर सुटत गेलं. त्या स्टुलावरून उठल्या आणि बाजूला झाल्या.

“दाबा,” त्या म्हणाल्या. “मेला माझ्या बटणावर देव झालाय!”

ताईने लाल बटण दाबलं.

भाची फोनमध्ये ओरडली, “अगं, त्या बाईला सांग, बाटली टाकू नको म्हणावं! चार मिनिटं थांब म्हणावं, फक्त चार मिनिटं!” पडद्यावर ती चष्मेवाली मुलगी गर्दीतून घुसली आणि तिने त्या बाईचा दंड धरला. तिकडचा गाईडही शरीरातल्या सत्तर टक्के पाण्यावर आला होता. मग वरून एक धार आली. बाबांनी दचकून वर पाहिलं.

“थांब!” बाबा म्हणाले.

धार जाड झाली.

“थांब म्हणतो ना! अरे, आत्ता कुठे... अजून वेळ...” आणि अख्खी नदी त्यांच्या डोक्यावर आली. पाणी आलं आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. कफनी अंगाला चिकटली, विंचरलेली दाढी सुतळीसारखी लोंबली आणि बाबा दगडावरून घसरत, गाईडला अशी शिवी देत काठाला आले, की आमच्या पाणीखात्यातही कुणी दिली नसेल. छत्री डोहात तरंगत होती. मग कुणीतरी खुदकन हसलं.

मला हसू आलं नाही. डोहाच्या तळाशी तो मुलाचा पट्टा होता, ते दम्याचे पंप होते. आता त्यांच्यावर पुन्हा पाणी आलं होतं. ज्यांनी ते फेकले, त्यांच्या घरी कोणी फोन लावणार नव्हतं. बाबा दुसऱ्या डोंगरात दुसरी फळी शोधेल, याचीही मला खात्री आहे.

ताई भिंतीला टेकून उभी होती. “मी किती मूर्ख गं,” ती पोरीला म्हणाली.

“मूर्ख नाहीस. थकलीयस,” भाची म्हणाली.

“औषधाचं दुकान कुठे आहे इथे?” ताईने गिरणीवाल्या बाईंना विचारलं.

“मनोऱ्याच्या मागे. चला, मी दाखवते. आज गिरणी बंद.”

मी हे लिहितोय ते बाबाची टिंगल करायला नाही, ती धबधब्याने केली. लिहितोय ते तुमच्यासाठी. चमत्कार पाहून डोळे भरून आले तर येऊ द्या, त्यात लाज कसली? पण कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा. आणि कुणी तुमच्यासमोर पाणी थांबवलं, तर हात जोडायच्या आधी तोंड उघडा आणि एवढंच विचारा: गेलं कुठे?