उघड्या पाठीचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. जुना म्हणजे अगदी मोडीत निघालेला नव्हे. अजून वाजतो, आणि वाजतो तेव्हा चांगला वाजतो. पण माझ्या वायरीला एका ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, कानांवर बसणाऱ्या माझ्या मखमली गाद्या चेपून गेल्या आहेत, आणि डोक्यावरची कमान ज्या डोक्याच्या मापाला बसली होती, ते डोकं आता या जगात नाही. मी मात्र त्याच मापाचा राहिलो. दुसऱ्या कुणी मला घातलं की मी सैल पडतो आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझी पाठ उघडी आहे. बऱ्याच हेडफोनांना बाहेरून घट्ट झाकण असतं, माझ्या बाहेरच्या बाजूला धातूची बारीक जाळी आहे. मी ज्या कारखान्यात तयार झालो, तिथे एक बाई चिमट्याने ही जाळी बसवायची आणि तिच्यावर फुंकर मारून बघायची. फुंकर आरपार गेली तरच माल पुढे जायचा. या जाळीमुळे आवाज आत कोंडत नाही. गाणं डोक्यात नव्हे, समोर मोकळ्या जागेत चाललंय असं वाटतं. व्हायोलिन कुठे बसलंय, बासरी कुठे, तेसुद्धा बोटाने दाखवता येतं. पण जाळी ती जाळीच. थोडं गाणं बाहेर सांडतं, आणि बाहेरचं बोलणं आत येतं.

माझ्या मालकांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता कसं दिसतंय? आणि आता?" विचारून त्यांचा घसा कोरडा पडायचा. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, अँप्लिफायर सुरू करून तापू द्यायचे, रेकॉर्डवरची धूळ पुसायचे आणि खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत मला डोक्यावर चढवून बसायचे. मी वजनाला भारी, तरी माझ्या गाद्यांखाली कान तापत नसत. तासन्‌तास बसले तरी त्यांनी मला कंटाळून काढलं असं कधी झालं नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्यांच्या पाठीमागे भिंतीशी दिवाण होता, आणि त्यावर बाई बसायच्या. बाई म्हणजे मालकांची बायको. त्यांनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये स्विचबोर्डवर काढली होती, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे. हेडसेट लावून लावून त्यांच्या कानामागे घट्टा पडला होता. निवृत्त होऊन घरी आल्या त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता या कानांना काही म्हणजे काही लावणार नाही." आणि लावलं नाही. मला तर त्या सरळ 'टोपलं' म्हणायच्या.

एक्स्चेंजची एक शिस्त त्यांच्या अंगात भिनली होती. जिच्या कानाला हेडसेट आहे ती लाइनवर आहे, तिच्याशी बोलायचं नाही, तिला आपलं काही ऐकू येत नाही असंच धरायचं. तोच नियम त्यांनी घरातही लावला. मालकांनी मला डोक्यावर चढवलं की लाइन एंगेज! आणि मग, मित्रांनो, बाई बोलायला सुरुवात करायच्या. समोरासमोर ज्या गोष्टी जिभेवर येत नसत, त्या मालकांच्या पाठीला सांगायच्या. सासरच्या माणसांनी केव्हातरी टाकलेला टोमणा, मनात बसलेली कसलीशी धास्ती, लेक परगावी गेल्यापासून खायला उठणारं घर. कधी लाडाने बोलायच्या, कधी चांगलं फैलावर घ्यायच्या. आणि त्यातला शब्द न्‌ शब्द जाळीतून आत यायचा, मला आणि मालकांनाही.

सुरुवातीला एकदा मालक न राहवून वळले आणि म्हणाले, "अगं, मग मला सांगायचंस ना!" बाईंचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्यांना न विचारता त्यांची ट्रंक उघडली होती. मालक तसे हुशार. म्हणाले, "कान खाजवायला हे जरा उचललं होतं, तेवढ्यात कानावर पडलं." पण पुढे कितीतरी दिवस बाई दिवाणावर तोंडाला कुलूप घालून बसल्या. मालकांनी तेव्हाच काय ते ओळखलं. परत बोलणं सुरू झाल्यावर ते कधीही वळले नाहीत. बाईंनी तोंड उघडलं की ते गुपचूप गाण्याचा आवाज कमी करायचे आणि बहिऱ्यासारखे खिडकीबाहेर बघत राहायचे.

अशी वर्षं गेली. मग ती संध्याकाळ आली.

रेकॉर्ड संपली आणि सुई शेवटच्या रेघेत घुटमळत राहिली. टक्... टक्... टक्... तो बारीक आवाज माझ्या जाळीतून खोलीत झिरपत होता. मालक एरवी सुईला असं रिकामं फिरू देत नसत, रेकॉर्ड झिजते म्हणून लगबगीने उठत. त्या दिवशी उठले नाहीत. मागे बाई उशांना धुतलेले अभ्रे घालत बोलत होत्या. सगळ्या उशा झाल्या, बोलणंही संपलं, आणि दिवा लावायला त्या खिडकीशी आल्या तेव्हा त्यांनी मालकांकडे पाहिलं. मी त्यांच्या डोक्यावरच होतो. माझ्या गाद्यांची ऊब हळूहळू निघून जात होती. ते नेमके कधी गेले हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला कुठलं आलंय तोंड! माझ्यातून निघतो तो दुसऱ्याने दिलेला आवाज.

त्यानंतर मला खुर्चीच्या पाठीवर अडकवून ठेवलं. वायर काढली, अँप्लिफायरवर फडकं पडलं. दिवेलागणीच्या आधी खोलीत राखाडी उजेड भरला की बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत. माझ्याकडे टक लावून बघायच्या, आणि त्यांची मान अगदी बारीक हलायची, ठेक्यावर हलते तशी. त्यांना ती सुई ऐकू येत होती. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, मी वाजत नव्हतो. पण कुणी रोज आपल्याकडे असं बघू लागलं की स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो. मीही कान देऊ लागलो. आणि एका संध्याकाळी माझ्या जाळीच्या आत, जिथे वीजही पोचत नव्हती, तिथे मला ते ऐकू आलं. टक्... टक्... मला स्वतःची भीती वाटली.

बाईंनी त्या खोलीत बोलणं सोडलं. मग स्वयंपाकघरात सोडलं, मग दारावर आलेल्या माणसांशीही. लेकीचा फोन आला तर "हं", "बरं", "ठेवते". बोलण्यावर जिने जन्म काढला, तिच्या घरात आता भांड्यांचे तेवढे आवाज उरले.

म्हणून लेक रजा काढून आली. तिला घरात चिमी म्हणत, आता ती चांगली मोठी बाई झाली होती तरी. आईने बोलतं व्हावं म्हणून तिने परोपरीने प्रयत्न केले. शेवटी एका दुपारी बाईंनी एवढंच सांगितलं, "संध्याकाळी त्या खुर्चीतून आवाज येतो. सुईचा."

चिमीने पर्समधून एक गुळगुळीत डबी काढली. तिच्यात तिचे इअरबड्स झोपले होते. मी त्यांना नावं ठेवणार नाही. हलके इतके की घातल्याचं भान राहू नये, ना वायरीची कटकट, ना केसांचा चपटा भांग. ढोलासारखे खालचे आवाज माझ्यापेक्षा ठसठशीत काढतात. गाडीत, गर्दीत, चालताना त्यांच्यापुढे माझा काय निभाव लागणार! फक्त रोज डबीत घालून त्यांचं पोट भरावं लागतं, आणि ते कानात बूच मारतात.

"हे घाल आई," चिमी म्हणाली. "बाहेरचं सगळं बंद होतं. तो आवाजही येणार नाही."

"मी कानात काही घालत नाही."

"माझ्यासाठी. जरा वेळ."

बाईंनी घातले. खोली बंद झाली, रस्ता बंद झाला, चिमीचा आवाजही बंद झाला. आणि बाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी दोन्ही बड्स ओरबाडून काढले आणि पलंगावर टाकले.

"काय झालं?"

"बाकी सगळं गेलं," बाई म्हणाल्या, "आणि तेवढंच राहिलं. आता तर माझ्या डोक्यातच वाजतंय."

तो त्यांच्याच नाडीचा ठोका असावा असं मला वाटतं. पण खात्रीने मी काहीच सांगू शकत नाही.

चिमीने मग ठरवलं की ती खुर्ची हलवायची आणि मला तिच्या ऑफिसातल्या एका शौकिनाला देऊन टाकायचं. द्यायच्या आधी मी धड वाजतो की नाही हे बघायला हवं होतं. संध्याकाळी तिने फडकं काढलं, अँप्लिफायर लावला, एक रेकॉर्ड ठेवली आणि बापाच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून मला चढवलं. बाई अभ्र्यांच्या घड्या घेऊन कपाटाकडे चालल्या होत्या, त्या तशाच थबकल्या. मग हळूच येऊन दिवाणावर बसल्या.

चिमी थोडा वेळ मला ऐकायची, मग काढून आपले बड्स घालायची, मग पुन्हा मला. "जड आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. "पण माझ्या बड्समध्ये गाणं कपाळाच्या आत येऊन बसतं. हे तर समोर आहे." ती मागे टेकली आणि मला डोक्यावरच राहू दिलं. मी जीव ओतून वाजत होतो.

लाइन एंगेज झाली होती. आणि मागून बाईंचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी.

"चिमे, तुला ऐकू येत नाहीये म्हणून सांगते. त्या दिवशी मी त्यांना फार बोलले गं. सुई अडकून पडलेली, ते काही उठेनात. म्हटलं, संसार तुमच्याशी केला की या खुर्चीच्या पाठीशी? म्हटलं, पुढच्या जन्मी मी टोपलं घालून बसते आणि तुम्ही बडबड करा, म्हणजे कळेल! आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसले. इकडे माणूस गेलेला, आणि मी हसतेय. जन्मभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. आणि माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत एकटा गेला. त्या सुईच्या आवाजात मला हेच ऐकू येतं."

चिमीची मान ताठ झाली. तिने वळू नये असं मला क्षणभर वाटलं. वळली तर बाई कायमच्या गप्प होतील, अशी भीती वाटली. पण तिने मला काढून मांडीवर ठेवलं आणि ती वळली.

"आई, मला ऐकू आलं. सगळं."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "कानाला लावलं होतंस ना?"

"याची पाठ उघडी आहे. ये, बस इथे. घालून बघ."

बाई नको नको म्हणत असतानाच चिमीने त्यांना खुर्चीत बसवलं. पहिल्यांदाच मी त्यांच्या डोक्यावर टेकलो, त्यांच्या घट्ट्याला माझी मखमल लागली. गाणं चालू होतं. चिमी दिवाणावर जाऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मी अजून थोडे दिवस राहू का?"

"राहा की," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

त्यांनी माझ्या जाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या तोंडावर हसू होतं, चिमे. मी म्हटलं, गाणं आवडलं असेल."

"बाबा गाण्याला कधी हसायचे का? गाणं ऐकताना कपाळाला आठ्या घालून बसायचे, कुणाच्या चष्म्याचा नंबर काढत असल्यासारखे." चिमी म्हणाली. "सुई फिरत होती, कारण ते तुझं ऐकत होते. मधे उठले असते तर तू थांबली असतीस."

बाईंनी मला डोक्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांत माझ्या गाद्या धरून त्या ओरडल्या, "लबाड! लबाड माणूस! म्हणून तो गळका नळ दुरुस्त झाला होता होय! म्हणून ती जांभळी लोकर आली घरात, मी कुणाजवळ शब्द काढला नव्हता तरी! सगळं ऐकत होतात! एकदा, एकदा तरी वळून हो म्हणायचं होतंत!" त्या रडत होत्या, मधेच हसत होत्या. चिमीचीही तीच गत.

मी तिथे होतो, मित्रांनो, म्हणून सांगतो. माणूस हसतो तेव्हा त्याच्या कानामागची कातडी किंचित वर सरकते. पुढच्या जन्माचं ते बोलणं आत आलं, तेव्हा माझ्या गादीखाली ती सरकली. परत खाली आली नाही.

मला कुणाला दिलं नाही. संध्याकाळी सुई अजून वाजते असं बाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ती ऐकू येते. आता त्या दारात थांबत नाहीत. आत येतात, दिवाणावर बसतात आणि खुर्चीशी बोलतात. बोलता बोलता मधेच गप्प होतात आणि वाट बघतात. मग पुन्हा सुरू करतात. ते वाट बघणं मला सोसत नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही मला घाला, नाहीतर ते इअरबड्स घाला, जे कानाला रुचेल ते घाला. वायर पिळू नका, गाद्यांना धूळ लागू देऊ नका. पण घरात कुणी तुमच्या पाठीशी बोलत असेल, तर नुसतं ऐकू नका. कान मोकळा करा, मान वळवा आणि "ऐकलं" म्हणा. माझ्या मालकांनी सगळं ऐकलं, तेवढं एक म्हणायचं राहून गेलं.