शेवट न सांगणारी कादंबरी

इस्पितळात पेशंटला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कादंबरी लिहिली, तेव्हा नणंदेनं कपाळाला हात लावला होता. "वहिनी, दिवसभर माणसांना झोपवता, आता रात्रीची झोप उडवायचा विचार आहे का?"

कादंबरीत एक बाई ऑपरेशननंतर शुद्धीवर येते ती मेलेल्या कुणाचा तरी आवाज घेऊन. तो आवाज कुणाचा, हे पुस्तक सांगत नाही. तिथंच माशी शिंकली. पहिली आवृत्ती संपत आली, पण प्रकाशकाकडे तक्रारींचा पाऊस पडला. तो म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवा. सगळा उलगडा करून टाका."

डॉक्टरीणबाईंचं मन डळमळलं. ऑपरेशन टेबलावर हात न थरथरणारी बाई लोकांच्या बोलण्यानं मात्र खचली होती.

त्यातच ग्रंथालयात पुस्तकावर चर्चा ठरली. प्रकाशक आला, नणंदही आली. सुरुवातीलाच एक वायरमन उठला.

"भाषा सुंदर, मान्य. पण शंभर पानं होईस्तोवर भुताचा पत्ता नाही! आणि शेवटी काय? हातावर तुरी! फसवलं हो मला."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली.

"फसवलं कसलं?" नणंद ताडकन उठली. "आवाज त्या बाईच्या मेलेल्या बहिणीचा. आंधळ्यालाही दिसेल!"

"बहीण?" वायरमन उसळला. "मग जिन्यातला दिवा कोण विझवतं? बहिणीला तर अंधाराची भीती होती! चौथं प्रकरण वाचा नीट!"

"मला विचाराल तर भूतबीत काही नाही," ग्रंथपाल मध्येच म्हणाले. "तिचं स्वतःचं मन बोलतं. जरा रटाळ वाटलं मला, पण ते जिन्याचं पान वाचल्यापासून आमच्या घरी जिन्यातला दिवा चालूच असतो."

मग जी जुंपली! कुणी पुस्तक उघडून वाक्यं वाचून दाखवू लागलं, कुणी दुसऱ्याच्या हातातून ते ओढू लागलं. कुणाला शेवट काळजात घुसलेला, कुणाला डोक्यात गेलेला. लेखिका समोर बसली आहे, याचा सगळ्यांना विसर पडला होता. तिनं मनातून घडवलेली बाई हे लोक शेजारीण असल्यासारखी ओळखत होते. डॉक्टरीणबाईंची मान आपोआप वर झाली.

प्रकाशकानं संधी साधली. "तर मग शेवटचं प्रकरण लिहिताय ना?"

"नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "एक ओळही वाढणार नाही."

मग वायरमनच ओरडला, "वाढवूच नका! सांगून टाकलंत तर आम्ही भांडायचं कशावरून?"

हशा आणि टाळ्यांनी खोली दणाणली. प्रकाशकही हसत म्हणाला, "छापतो बाई, जशीच्या तशी!"

गर्दी पांगताना वायरमन पुस्तक घेऊन पुढं आला. कोपरे दुमडलेले, पानांवर पेन्सिलीच्या खुणा.

"सही करा," तो म्हणाला. "पण माझा राग गेलेला नाही हं!"

"जाऊ देऊही नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी ऐटीत, पानभर सही ठोकली.